नाकेबंदीतला लोलक

मी एका घंटेच्या आत लोंबणारा लोलक बोलतोय. सांगायला बसलो खरा, पण दीडशे वर्षांपूर्वीचं आठवायचं म्हणजे आधीच धाकधूक. काही पाहिलेलं, काही खलाशांकडून ऐकलेलं. दोन्हींत गल्लत झाली तर सांभाळून घ्या.

आमची घंटा एका वाफेच्या युद्धनौकेसाठी ओतली. अमेरिकेत तेव्हा एकाच देशाची माणसं आपसात लढत होती. दक्षिणेचा कापूस बाहेर जाऊ नये, बंदुका आत येऊ नयेत, म्हणून उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली होती. आमची नौका एका बंदराच्या तोंडाशी उभी असायची. महिनोन्‌महिने तेच पाणी आणि तोच कोळशाचा धूर. कंटाळलेले खलाशी एकमेकांचे केस पुन्हा पुन्हा कापत.

माझं काम वाजायचं. पण चोरटी जहाजं सावध होतील म्हणून खलाशांनी मला जाड कापडात गुंडाळलं. युद्ध संपेपर्यंत मी नुसता हलत राहिलो. एखादं जहाज पकडलं की ते मला थोपटून शाबासकी देत. गप्प राहिल्याची ती शाबासकी मला कधी नीट पचली नाही.

पुढे तोफा काढून नौका विकली. माल वाहत ती मुंबईला आली आणि तिथेच मोडीत निघाली. पेणच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याने घंटा घेतली आणि खाडीकाठच्या या देवळाला वाहिली. इथे मला आवाजाची नोकरी लागली. उधाणाने बांधाला भगदाड पडलं, त्याला इथे खांड म्हणतात, की मी वाजायचो आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन धावायचा. खारं पाणी शेतात भरलं की पुढे काही वर्षं भात नाही.

मग मोबाइल आले आणि खांडीची बातमी फोनवरच जाऊ लागली. देवळाशेजारी राहणाऱ्या पुतळीचा मुलगा हरेश रोह्याच्या कंपनीत रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. दर्शनाला येणाऱ्यांच्या घंटेने त्याची झोपमोड व्हायची. एकदा त्याने मला टॉवेलने गुंडाळून टाकलं. मला वाटलं, आलं पुन्हा युद्ध.

त्या श्रावणात भरदुपारी उधाण आलं आणि पुतळीच्या शेताजवळ खांड गेली. गावातली बरीच माणसं पलीकडच्या जोहे गावात, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांत कामाला गेलेली. पुतळीने धावत येऊन दोर ओढला. धप्प. पुन्हा धप्प. तिने वर पाहिलं.

"हरेश, ह्यो टावेल कोनाचा रं?"

"आये, झोप व्हत नाय गो."

"खांड गेलीय. आता शेतान पानी येल, मंग नीज तरंगत."

हरेशने चढून टॉवेल ओढून काढला आणि भराभर फोन लावायला लागला. पुतळी मला वाजवत राहिली. माणसं आली, चिखल आणि पेंढा टाकून त्यांनी खांड बुजवली. शेत वाचलं.

तेव्हापासून मला कुणी बांधत नाही. हरेश कानात कापूस घालून झोपतो. कापसाशी माझा जुना संबंध, त्यामुळे मलाही बरं वाटतं. मी सुखात आहे. फक्त एक शंका राहिली होती. माणसं माझ्यामुळे आली, की फोनमुळे? कोणाला विचारणार?

काही वर्षांनी गावातलाच महिपती नातीला घेऊन दर्शनाला आला. तो जोह्यात मूर्तींचे डोळे आखतो. ती आखणी अर्धी सोडून कुणी उठत नाही. माझ्याकडे बोट करून तो नातीला म्हणाला, "त्या दिशी माजा फोन घरीच ऱ्हायलेला. गणपतीचा एक डोला झाला व्हता, दुसरा बाकी. ह्या घंटेचा आवाज आला नि कुंचला ठेवून पलालो."

म्हणजे मी जोह्यापर्यंत ऐकू गेलो होतो.