कुरकुरणारा पंखा

माझ्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा आवाज करत नाही, असं मी छाती ठोकून सांगायचे. चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्यात, थट्टा नाही. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी दुरुस्ती-रविवार सुरू केला, तेव्हा पहिला निरोप मलाच आला. दुपारी शाळेच्या सभागृहात बाकं जोडायची, लोकांनी घरातल्या मोडक्या वस्तू आणायच्या आणि आम्ही जुन्या कारागिरांनी त्या फुकट नीट करून द्यायच्या. तेवढाच कचरा कमी. दाराशी फळा, त्यावर दोन रकाने : 'वाचल्या' आणि 'भंगारात गेल्या'. सोमवारी शाळेच्या वार्तापत्रात त्याची बातमी.

एकदा त्या बातमीत माझा फोटो आला. 'बावीस वर्षांचा पंखा पुन्हा नवा!' मी तो कापून माझ्या गॅरेजमधल्या आरशाला चिकटवला. आता खोटं कशाला बोलू, येता-जाता बघायचे.

दोन आठवड्यांनी तोच पंखा परत आला. टेबलावर ठेवायचा, मान हलवणारा. पोस्टात टपाल निवडणाऱ्या एक बाई तो पोटाशी धरून उभ्या होत्या.

"काय झालं? बंद पडला?"

"नाही हो मावशी, छान चालतो."

"मग?"

"आवाजच करत नाही."

"अहो, त्यासाठीच तर आणला होतात ना?"

"पहिल्यासारखा करून द्याल का?" त्या हळूच म्हणाल्या. "कुरकुरणारा."

मी हातातला पाना खाली आपटला. "बाई, बरं आहे ना तुमचं? इथे लोक बिघडलेलं नीट करायला येतात. नीट असलेलं बिघडवायला येणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

त्यांना राग आला नाही, तिथेच मी नरमले. त्या बाकावर टेकल्या आणि सांगायला लागल्या. वडिलांची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली, आणि आता आठवणही विरत चाललीय. पंखा उजवीकडे गेला की कुईं करायचा, परत फिरताना टक्. त्या आवाजावरून त्यांना कळायचं, आपण आपल्या खोलीत आहोत. मी तो आवाज घालवला आणि त्यांचं घरच हरवलं.

"चौदा दिवस धड झोपले नाहीत. सारखं विचारतात, मला घरी कधी सोडणार? मी म्हणते, बाबा, हेच घर. तर म्हणतात, तुम्ही भल्या आहात बाई, पण मला माझ्या घरी जाऊ द्या." त्यांनी पदराने पंख्याची जाळी पुसली. "मला ठमी म्हणायचे ते. आता बाई म्हणतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आरशावरचा तो फोटो डोळ्यांपुढे आला आणि माझीच मला लाज वाटली.

पंख्याची मान फिरवणारा जुना गिअर मी काढून टाकला होता. भंगाराची गाडी महिनाअखेरीला येते, म्हणजे तो अजून बाकाखालच्या डब्यात असणार. डबा कागदावर उपडा केला. झिजलेल्या गिअरांचा हा ढीग! त्यातले निदान वीस तरी या पंख्यात बसतील असे. कुठला कोणाचा, मी काय नाव घालून ठेवते?

"डोळे मिटा," मी ठमीला म्हटलं. "आणि ऐका."

ग्रीस पुसून काढलं आणि एकेक गिअर बसवून पंखा सुरू करत गेले. पहिल्याला ती म्हणाली, "नाही, हा घाईत आहे." दुसऱ्याला, "हा रडतो." तिसरा नुसताच खोकला. उंच खिडक्यांतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. हळूहळू सभागृहातली ठोकाठोक थांबली. घड्याळजी डोळ्याला भिंग लावल्या लावल्याच पेंगले. शिंपीणकाकू सुईत दोरा ओवून तशाच बसून राहिल्या. ऊन एका बाकावरून उतरून दुसऱ्यावर चढलं. किती गिअर झाले, कोणाला ठाऊक. लहानपणी आमच्या फाटकाची कडी वाजायची आणि आई आली हे मला पलंगावरूनच कळायचं, ती कडी मला मधूनच ऐकू यायला लागली. पन्नास वर्षांत आठवली नव्हती हो!

मग एक गिअर हाताला लागला, दोन दात पडलेला.

कुईं. टक्.

ठमीने डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. "हाच," ती म्हणाली.

सर खडू घेऊन आले आणि फळ्यापुढे घुटमळले. "मावशी, हा कुठल्या रकान्यात घालू?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "आधी बघून येते, मग लिहा."

मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. खोलीत एक खाट, एक खुर्ची, भिंतीशी टेबल. खुर्चीत म्हातारबाबा ताठ बसलेले, गळ्यापर्यंत बटणं लावून, पायात बूट घालून. चौदा दिवस झाले, असेच बसतात, ती कुजबुजली, निघायच्या तयारीत.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं. "मला न्यायला आलात का?"

पंखा टेबलावर त्याच्या जागी ठेवला आणि बटण दाबलं. उजवीकडे गेला, कुईं. परत फिरला, टक्. इतक्या मोटारी सुरू केल्या, पण कुठल्याच आवाजाला असे कान लावले नव्हते. पुन्हा कुईं. पुन्हा टक्.

म्हाताऱ्यांनी मान जराशी कलती केली. मग वाकले, चाचपडत एका बुटाची नाडी सोडली. मग दुसऱ्याची. बूट खुर्चीखाली नीट सारले, तीन पावलं चालून, कुठेही न अडखळता, खाटेवर जाऊन आडवे झाले.

"ठमे," ते कुरकुरले, "त्या पंख्याला जरा तेल दे गं. किती वर्षं सांगतोय."

तिने तोंडावर हात दाबून धरला.

"देते हो बाबा. उद्या नक्की देते."

"रोज उद्याच म्हणतेस," ते म्हणाले, आणि झोपले.

मी माझी तेलाची बाटली पिशवीच्या अगदी तळाशी ढकलली आणि पाय न वाजवता बाहेर पडले.