जागचा न हललेला ठिपका

"राहू दे ना चालू. तुझं काय जातंय?" गाडीची किल्ली शोधता शोधता योगेंद्र म्हणाला.

नूतनने मोबाइलवरचं बोट मागे घेतलं. नकाशात त्यांच्या अमळनेरच्या घरावर तीन ठिपके एकमेकांना चिकटून होते: तिचा, नवऱ्याचा, सासूबाईंचा. चौथा बाजारातल्या मोबाइलच्या दुकानावर. तो दीपकचा, योगेंद्रच्या चुलत भावाचा.

हे ॲप दीपकनेच बसवून दिलं होतं. गेल्या महिन्यात कपाशीच्या शेतांमधल्या रस्त्यावर नूतनची स्कूटी बंद पडली आणि दोन मोटरसायकलवाले तिच्याभोवती तीनदा चकरा मारून गेले, त्यानंतर. "वहिनी, आता कुठंही जा. आमची नजर आहे," तो म्हणाला होता. तेव्हा तिला बरं वाटलं होतं, अगदी मनापासून. उपकेंद्राची नर्स ती, वस्त्यांवर एकटी हिंडणारी. आपण कुठे आहोत हे घरच्यांना ठाऊक आहे, याचा आधार असतो.

मग दीपकची बायको सारिका घरातून गेली. सहा महिन्यांची गरोदर, पाठीवर पट्ट्याचे वळ. स्वतःचा मोबाइल उशीखाली ठेवून ती नूतनच्या ओळखीतल्या भागाबाई मावशीच्या मळ्यात जाऊन राहिली. हे एकट्या नूतनला माहीत होतं.

आज सकाळीच मावशीचा फोन आला होता. "पोरीना पाय सुजी ग्यात. डोकं बी दुखस. तू ये वं माय. कोणले सांगू नको."

ठिपका बंद केला तर सगळ्यांच्या मोबाइलवर लगेच तसं उमटणार. चालू ठेवला तर तो सरळ मळ्यात जाऊन उभा राहणार. योगेंद्र वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात काही राहत नसे.

बाराला अंगणवाडीतलं लसीकरण आटोपलं. नूतनने मोबाइल तिथंच चार्जिंगला लावला.

"सिस्टर, फोन न घेता चालल्या? तुमचा तर जीव त्याच्यात," सेविका प्रमिलाबाई हसल्या.

"आज जीव तुमच्याकडे ठेवते. वाजला तर उचलू नका."

रस्ता तोच होता, कपाशीमधला. दर थोड्या वेळाने तिचा हात रिकाम्या खिशाकडे जाई. आता काही झालं, तर सगळे तिला अंगणवाडीत शोधणार होते. मागून मोटरसायकलचा आवाज आला. तिने स्कूटीचा वेग वाढवला, मागच्यानेही वाढवला. तो अगदी बाजूला आला.

"अक्का, स्टँड खाले शे," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

तिने गाडी थांबवली, स्टँड वर केलं. मग पुन्हा मळ्याकडे निघाली.

मळ्यात सारिकाचं ब्लडप्रेशर एकशे साठच्या वर निघालं. तिने आधी विचारलं ते बाळाचं नव्हतं.

"ताई, त्यांना दिसलं तर नसेल ना?"

"तुना फोन कोठे शे?" मावशीनेही विचारलं.

"अंगणवाडीत. कुणाला काही दिसत नाही. तू डाव्या कुशीवर हो बघू," नूतन म्हणाली. मावशीच्या बटणांच्या फोनवरून तिने एकशे आठ लावला. अमळनेरला नको, धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना तिने दोनदा सांगितलं. मावशी सारिकाबरोबर चढली. गाडी वळणाआड जाईपर्यंत नूतन पाणी सोडलेल्या वाफ्यात उभी होती.

संध्याकाळी योगेंद्रने चहाचा कप ठेवला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

"आज किती निवांत होतो मी. दुपारभर तुझा ठिपका जागचा हलला नाही. नाहीतर त्या रस्त्याच्या विचाराने हातातलं काम सुचत नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. खरंच निवांत दिसत होता.

"दीपकही तेच म्हणत होता," तो म्हणाला. "लस तर बाराला संपते, मग वहिनी चार वाजेपर्यंत काय करत होत्या, म्हणे."

"रजिस्टरं भरायची होती."

"मी तेच सांगितलं त्याला. तो विचारत होता, पुढच्या मंगळवारी पण तिथंच का?"

"हो."

ती उठली आणि दाराबाहेर काढलेल्या चपला घेऊन मोरीत गेली. चपलांच्या तळांना मळ्यातली काळी माती घट्ट चिकटली होती. नळ सोडून ती खरवडू लागली. पाणी स्वच्छ वाहायला लागलं, तरी तिने नळ बंद केला नाही. नखांत अजून होतीच.