काच तडकली, फुटली नाही

घरी त्याला सगळे धाकट्या म्हणत. ऑफिसात तो उपसंपादक होता, बातम्यांच्या वेबसाइटवर. दुपारी एजन्सीची दोन ओळींची बातमी आली : विमानाच्या समोरच्या काचेला तडा, विमान माघारी, सर्व सुखरूप.

संपादक त्याच्या खांद्यावरून डोकावले. "फारच अळणी आहे. जरा तिखटमीठ लाव."

त्यानं लावलं. 'आकाशात काच फुटली! दीडशे जीव टांगणीला.' वाचकांची झुंबड उडाली.

थोड्या वेळानं आईचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येईना. "अरे, ही बातमी... ताईचं तर विमान नव्हे ना? तिचा फोन लागत नाहीये."

ताई सहवैमानिक होती. बातमी आपणच लिहिली आहे, हे आईला सांगायची धाकट्याची छाती झाली नाही. तो ताईला फोन लावत राहिला. अखेर तिनं उचलला.

"हो रे, आमचंच. फोन बंद होता, रिपोर्ट लिहीत होते."

"काच फुटली?"

"कुणी सांगितलं? त्या काचेला थर असतात. बाहेरचा तडकला, आतले शाबूत. समोर नुसतं कोळ्याचं जाळं दिसत होतं. कॅप्टन म्हणाले, 'चला, मागे फिरू.' फिरलो, उतरलो. एक आजोबा तर झोपेतून उठून विचारत होते, 'आलं का गाव?'"

"आधी आईला फोन कर," एवढंच तो म्हणाला.

मग त्यानं मथळा बदलला : 'काच तडकली; विमान सुखरूप उतरलं.' खाली थरांची माहिती दिली.

संपादक वैतागले. "हे कोण वाचणार?"

"माझी आई," तो म्हणाला. "त्या विमानात माझी बहीण होती."

"राहू दे तसंच," संपादक म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले. बातमी तासाभरात तळाला गेली.

संध्याकाळी ताई घरी आली, हातपाय धुऊन जेवायला बसली. आईनं हळूच विचारलं, "भीती नाही वाटली?"

"तेव्हा वेळच नव्हता गं." ताईनं घास उचलला. तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. ती हसली. "आत्ता वाटतेय बघ."

आईनं ताट स्वतःपुढे ओढलं आणि तिला भरवायला लागली. धाकट्यानं पाण्याचा पेला भरून ताईजवळ सरकवला.

"मथळा मीच लिहिला होता," तो म्हणाला. "पहिला."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "खाली तुझं नाव होतं. जेव आता."