तेलकाका कुठे गेले?

जुन्या शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर गप्पा मारणारा तो ऑनलाइन कट्टा म्हणजे जेमतेम चाळीसेक माणसं. खरं नाव कुणीच लावत नसे. पडदे शिवून देणारी पडदेताई कट्टा सांभाळायची आणि कुणी काहीही विचारलं की तेलकाका सगळ्यांत आधी धावून यायचे. पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी तेल घाला." पण तिथे थांबतील तर ते काका कसले! चाक अडकतंय म्हणून विचारावं, तर स्वारी स्वतःच्या लग्नाआधीच्या मशीनपासून सुरुवात करायची.

लोक कंटाळले. नवीन आलेली एक बाई तर "मला मशीन दुरुस्त करायचंय, पुराण ऐकायचं नाही," म्हणून निघूनच गेली. मग जुन्यांनी पडदेताईमागे भुणभुण लावली. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? काकांना तोंडावर सांगायची हिंमत तिच्यातही नव्हती. तिला एक सोय मात्र ठाऊक होती. ती एखाद्यावर वापरली की त्या माणसाला आपलं लिखाण दिसत राहतं, इतरांना दिसत नाही. आठवडाभर लोकांना जरा शांतता मिळेल म्हणून तिने ती काकांवर वापरली आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून खूशही झाली. त्यातच एका हॉटेलच्या पडद्यांचं मोठं काम आलं आणि ती ते साफ विसरली.

महिने गेले. जाड कापडावर तिचं मशीन टाके सोडू लागलं. कट्ट्यावर विचारलं, पण कुणालाच काही सुचेना. शेवटी एकाने लिहिलं, "तेलकाका कुठे गेले हो? त्यांना नक्की माहीत असणार."

पडदेताईला तेव्हा कुठे आठवलं. तिने लपवलेलं लिखाण उघडलं. त्या प्रश्नाखाली काकांनी लगेच लिहिलं होतं, "अहो, मी इथेच आहे की!"

ते कुठेच गेले नव्हते. प्रत्येक प्रश्नाखाली त्यांचं उत्तर होतं. तिच्याही. "ताई, या वेळी तेल नको. सुई जाड लावा." सुरुवातीची उत्तरं लांबलचक होती, मग ती आखडत गेली होती. मध्येच एकदा त्यांनी विचारलं होतं, "मी फार बोलतो, कळतं मला. आता थोडक्यात लिहितो. चालेल ना?" त्यावर कोण काय बोलणार? बाकीच्यांच्या गप्पा तेवढ्या त्यांच्या डोळ्यांदेखत रंगत राहिल्या होत्या.

तिने सुई बदलली. मशीन सुरळीत चालायला लागलं, तेव्हा तर तिला रडूच फुटलं.

कॉम्प्युटरचा घोटाळा झाला म्हणून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. काकांनी ते खरंही मानलं असतं, आणि म्हणूनच तिला ते लिहवेना. तिने काकांचं लिखाण सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्यांना एकट्यांना खरं तेच लिहिलं. मीच केलं, मुद्दाम केलं आणि वर विसरून गेले. माफी मागायलाही तोंड नाही.

कट्ट्यावर "काका आले, काका आले" असा गलका झाला. काकांचं उत्तर मात्र तिला एकटीलाच आलं.

"असू दे, ताई. माझी बडबड घरातही कुणाला झेपत नाही. पण बायको रोज विचारायची, आज कुणी काही बोललं का? मी म्हणायचो, वाचतात गं सगळे, लिहायला वेळ नसतो त्यांना. आता तिला काय सांगू, तेवढं सांगा."