वरचे सिग्नल

नेत्रालयात नवं यंत्र आलं. आधी ते आपल्याच माणसांवर चालवून बघायचं ठरलं, म्हणून तिथल्या तंत्रज्ञ बाईनं धाकट्या दिराला बोलावलं. तो बसचालक, डेपो समोरच. ड्यूटीवर जाता जाता खाकी शर्टातच आला.

"वहिनी, दुखणार असेल तर आधी दादाला बसवा. त्याला तुमची सवय आहे."

"हनुवटी टेका आणि तोंड मिटा, भाऊजी."

यंत्र आधी डोळ्याच्या पडद्याचा रंगीत फोटो काढायचं, मग प्रकाशानंच त्या पडद्याचे थर मोजायचं आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवायचं.

फोटोत तिला काही वावगं दिसलं नाही. त्यावर दुसरं चित्र येऊन बसलं, आणि खालच्या बाजूला लाल पट्टा उमटला. तिथला नसांचा थर विरत चालला होता. तिनं सगळं पुन्हा जुळवलं. पट्टा हलेना. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

पडदा खाली झिजला की वरच्या बाजूचं दिसेनासं होतं.

"भाऊजी, चौकातले टांगलेले सिग्नल दिसतात ना?"

तो हसला नाही. "मला सगळं दिसतं." मग हळूच म्हणाला, "पुढची गाडी थांबली की मी थांबतो."

"आणि पुढे गाडीच नसली तर?"

तो उठला. "चष्मा करून घेतो. दादाला बोलू नका."

"हा काचबिंदू आहे, चष्म्यानं भागायचं नाही. डॉक्टर येईपर्यंत बसा!"

तो जिना उतरलासुद्धा. तिनं डेपोत फोन लावला. नुसताच वाजत राहिला. खिडकीतून त्याची बस भरताना दिसली. एका बाईनं लेकराला उचलून आधी आत चढवलं.

ती धावत सुटली. बस फाटकाशी आली तेव्हा ही मधोमध उभी. ब्रेक करकचून लागले. आतून आरडाओरडा झाला. तो खाली उतरला, किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि रस्त्याच्या कडेलाच मटकन बसला.

डॉक्टरांनी थेंब दिले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखू म्हणाले. जाताना थबकले. "सख्ख्या भावालाही आणा. हे घराण्यात असतं."

"मला सगळं दिसतं," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला यंत्रापुढे बसवलंच. फोटो स्वच्छ. तो उठू लागला.

"थांबा. दुसरं यायचंय."

ते आलं. लाल नव्हतं, खालची कड तेवढी पिवळी पडली होती; थर विरायला नुकता लागला होता. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हनुवटी पुन्हा यंत्रावर टेकली.