डाव्या हाताचा ढीग

“साहेब, ही पिन गोल नाही,” हणमंतकाका म्हणाले आणि केबिनमधले सगळे हसले यार, मी पण हसलो.

ऐका ना. त्र्याण्णव साल, बालानगरचा आमचा कारखाना, जर्मनीची पहिलीच ऑर्डर. ड्रॉइंगवर नवीन खूण होती, दोन तिरप्या रेघांच्या मधे गोल. म्हणजे पिन, ती बोटाएवढी पोलादी दांडी, नुसती मापात नको, या टोकापासून त्या टोकापर्यंत खरोखर गोल पाहिजे. शशिकांत साहेबांना ती खूण समजत नव्हती. मला समजत होती, डिप्लोमाला शिकलो होतो.

काका लांब गौलीगुड्याहून बसनं यायचे. बावीस वर्षं एकच ग्राइंडिंग मशीन. त्यांनी टेबलाच्या काचेवर एका बोटानं पिन फिरवली. “तीन जागी अडखळतीय बघा. घासायचं चाक झिजलंय. दोन दिवस मशीन बंद ठेवा.”

“दोन दिवस?” साहेब म्हणाले. “शिवराज, मायक्रोमीटर लाव.”

शिवराज म्हणजे मीच. पिन फिरवून फिरवून सहा जागी त्याच्या जबड्यात धरली, सहाही जागी जाडी एकच.

“हणमंतराव, बोटं म्हातारी झाली तुमची. उद्यापासून पॅकिंगला बसा. मशीन शिवराज बघेल.”

आता खरी गोष्ट सांगतो. पिनेला तीन बाजूंनी फुगवटा असला ना, तर समोरासमोरचं माप सगळीकडे सारखंच येतं. मायक्रोमीटरला पत्ताच लागत नाही. पिन तिरप्या खाचेच्या ठोकळ्यात ठेवून, वर काट्याची डायल लावून फिरवावी लागते, मग फुगवट्यावर काटा उडतो. ठोकळा माझ्याच कपाटात होता. पण मशीन पण मलाच पाहिजे होती ना यार.

“बाळा, तू शिकलेला आहेस,” काका म्हणाले. “सांग की साहेबांना.”

“माप तर बरोबर आहे काका,” मी म्हणालो.

पॅकिंगला काम काय, तेल लावा, कागदात गुंडाळा, खोक्यात ठेवा. पण काका काचेचा तुकडा घेऊन बसले. प्रत्येक पिन फिरवायचे, अडखळणाऱ्या डाव्या हाताला वेगळ्या ठेवायचे. माल निघायच्या दिवशी लंचला ते हात धुवायला गेले, तर मी त्या ढिगातल्या दहा पिना डायलखाली फिरवल्या. दहाच्या दहा बाद. एका फेऱ्यात काटा तीनदा उडायचा.

ट्रक चारला निघणार, नग कमी पडत होते. मी तो ढीग उचलून खोक्यात ओतला. हौ, तसाच, कागदाबिगर.

वळलो तर काका मागे उभे, हात ओले. हात पुसून बसले. त्या पिना एकेक करून बाहेर काढल्या, तेल लावलं, कागदात नीट गुंडाळल्या आणि काचेवर न फिरवता परत खोक्यात ठेवल्या.