मेलेल्या करडाची चौकशी

फुकट मिळणाऱ्या शेळीचे पायसुद्धा अक्काबाईनं मोजून घेतले असते, असा तिचा स्वभाव. भिगवणच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याला लागून असलेल्या त्यांच्या वस्तीवर पुण्याची एक संस्था आली. परदेशातली माणसं आपल्या वाढदिवसाला गरीब बायकांना शेळ्या देतात, असं संस्थेनं सांगितलं आणि सगळ्या बाया हरखल्या. अक्काबाई एकटी तोंड वाकडं करून बसली. वाढदिवस त्यांचा, केक तिकडं कापणार आणि शेळी हितं? ह्यात पाणी मुरतंय, असं तिनं घरी येऊन नवऱ्याला, धोंडीबाला, तीनदा ऐकवलं.

संस्थेची अंजली बारामतीहून स्कूटीवर यायची. गरजू कोण हे आम्ही नाही, तुम्हीच ठरवायचं, असं ती म्हणाली. विहारासमोरच्या अंगणात रांगोळीनं वस्तीचा नकाशा काढायचा आणि ज्या घराला जास्त नड आहे त्या घरावर प्रत्येकीनं चिंचोके ठेवायचे, अशी पद्धत. रांगोळीत अक्काबाईचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं. तिनं रस्ता काढला, विहार काढलं, हापसा काढला, अठरा घरं काढली आणि शेवटाला एक बाभळ.

"बाभळीच्या पलीकडे कोणी राहतं का, आक्का?" अंजलीनं विचारलं.

"पल्याड पाणीच हाय," अक्काबाई म्हणाली. तिच्या मुठीतली रांगोळी तोवर संपली होती आणि पुन्हा गुडघे धरून उठायचा तिला कंटाळा आला होता.

सगळ्यांत जास्त चिंचोके ज्योत्स्नाच्या घरावर पडले. तिचा नवरा लोणी देवकरच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता आणि महिन्यातले निम्मे दिवस घरीच बसून असायचा. दुसरा नंबर अक्काबाईचा लागला. नियम असा की, पहिल्या घराला गाभण शेळी मिळणार. तिला होणारं पहिलं मादी करडू थोडं मोठं झालं की दुसऱ्या घरानं न्यायचं आणि त्याचं पहिलं मादी करडू पुढं तिसऱ्या घराला.

आता खरं सांगायचं तर, एवढा संशय घेऊनही अक्काबाईला ते करडू हवं होतं, आणि जीव टाकून हवं होतं. धोंडीबाला दमा. मुलगा धम्मदीप बारामतीत नोकरीला, गोळ्यांना पैसे पाठवायचा, नाही असं नाही. पण दर वेळी फोन करून मागावे लागत आणि मागताना अक्काबाईचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. अख्ख्या वस्तीला दरडावणाऱ्या बाईला स्वतःचा तो आवाज ऐकवत नसे. आपली शेळी असली की हा फोन बंद, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वळून तिनं दावं करून ठेवलं आणि अंगणात खुंटाही ठोकला.

शेळी व्याली. एक बोकड आणि एक मादी, डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेली. अक्काबाई पहिल्याच दिवशी बघून आली होती. पुढं दीड महिन्यानं एका सकाळी ज्योत्स्ना हापशावर मान खाली घालून म्हणाली, "आक्का, करडू मेलं."

"कशानं?"

"काय ठावं. सकाळी बघितलं तर मेलेलं."

"आन् पुरलंस कुठं?"

ज्योत्स्नानं हंडा उचलला आणि चालायला लागली. अक्काबाईच्या डोक्यात तिथंच ठिणगी पडली. करडू मेलं म्हणून घरात कुणी हळहळलं नाही. परड्यात कुठं माती उकरलेली दिसेना. वर ज्योत्स्नाच्या पायात नव्या चपला! आता ह्या चपला कुठून आल्या, हे काय कुणी सांगायला पाहिजे?

अक्काबाई वडापच्या जीपनं थेट भिगवणला गेली आणि हायवेवरच्या रघुनाथरावांच्या खानावळीत शिरली.

"आमच्या वस्तीवरनं कुणी करडू इकलं का तुमाला? कानावर पांढरा ठिपका असल्यालं?"

"मावशी," रघुनाथराव हसायला लागले, "पाटी वाचा की भायेरची. आमी मासं इकतो."

पाटी वाचून अक्काबाईचं समाधान झालं नाही. तिनं चुलीवरच्या पातेल्यात डोकावून बघितलं. आत खरंच मासे होते. घरी येताच तिनं अंजलीला फोन लावला. अंजली म्हणाली, "मंगळवारी येते. करडू विकलेलं निघालं तर ज्योत्स्नाची शेळीसुद्धा परत घ्यावी लागेल, आक्का. नियम आहे तसा." घेऊ देत, असं अक्काबाई म्हणाली आणि त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

सोमवारी दिवस कलताना ज्योत्स्ना शेवरीच्या पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन बाभळीकडं निघालेली तिला दिसली. शेळी घरी आणि पाला तिकडं? अक्काबाई पदर खोचून मागं निघाली. बाभळ ओलांडली, चिखलातली पायवाट ओलांडली. पाण्याच्या काठाला पत्र्याची एक खोपी होती. तिथं प्रगती राहायची. भिगवणच्या मासळीबाजारात मासे साफ करणारी, नवरा वारलेली, आठ वर्षांपूर्वी कुठून तरी इकडं आलेली बाई. आपल्यातली नव्हं, म्हणून वस्तीनं तिला कधी विचारलं नव्हतं. खोपीच्या दाराशी नायलॉनच्या दोरीला करडू बांधलं होतं. डाव्या कानावर पांढरा ठिपका.

अक्काबाई ओरडणारच होती. पण प्रगती तिला बघून लगबगीनं पुढं आली, हात लुगड्याला पुसले आणि पोतं अंथरलं.

"आक्का, तुमी? बसा की. ज्योत्स्नाताईनं आणून दिलं हे. संस्थेनं तुझ्या नावानं धाडलंय म्हणली." करडाच्या पाठीवरनं तिनं हात फिरवला. "मला वाटलं, नकाशात आमीबी आलो एकदाचं."

अक्काबाई पोत्यावर बसली नाही. तिनं ज्योत्स्नाकडं बघितलं. ज्योत्स्ना पाल्याचा भारा टाकून तिला बाजूला घेऊन गेली.

"चपला म्हायेरच्या हायेत, आक्का. कवापास्नं त्यास्नीच बघताय तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "हिचं नाव घालायला मी अंजलीताईकडं गेलते. ती म्हणली, तुमीच मान्य केलेला नकाशा हाय, त्यात हे घरच न्हाय. हितं ही बाई सडक्या माशावर दिवस काढती. माझ्या घरावर अकरा चिंचोकं पडलं, हिला घर असून एक पडला न्हाय."

"मग मला सांगायचं हुतंस. मेलं म्हणून खोटं कशाला?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं तुमी?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. अक्काबाईला लाज वाटली. गावकुसाबाहेर राहिलेल्या सासू-सासऱ्यांच्या गोष्टी ती पोरासोरांना तावातावानं सांगायची, आणि मूठभर रांगोळी आणायचा कंटाळा करून तिनं एक घर पाण्यात बुडवलं होतं.

मंगळवारी अंजली आली. बाया विहारासमोर जमल्या. अक्काबाईनं बोलावलेली प्रगतीही कडेला येऊन उभी होती. ज्योत्स्नाचा चेहरा उतरलेला. अंजलीनं वही उघडून विचारलं, "करडू कुठं आहे?"

"थांब," अक्काबाई म्हणाली. ह्या वेळी ती डबाभर रांगोळी घेऊन आली होती. गुडघे धरून खाली बसली आणि तिनं आधी पाण्याचा काठ काढला, मग खोपी काढली, मग बाभळ, आणि मग बाकीची वस्ती. कनवटीचा चिंचोका काढून तिनं खोपीवर ठेवला. "करडू हितं हाय. मीच नकाशा चुकिवला हुता. ज्योत्स्नानं इकलं न्हाय, तिच्या शेळीला हात लावायचा न्हाय."

"मग आक्का, तुमचा नंबर?"

"हिच्या मागनं," अक्काबाई म्हणाली आणि पिशवीतलं दावं काढून तिनं प्रगतीच्या हातात दिलं. "नायलॉननं मान कापती त्याची. आन् आईक, ते नीट खातंय का न्हाय, हे बघायला मी रोज येणार. माझा कुणावर इश्वास न्हाय."

बाया हसल्या. प्रगती मात्र दावं छातीशी धरून रडायला लागली.

घरी धोंडीबाच्या गोळ्या संपल्या होत्या. अक्काबाईनं धम्मदीपला फोन लावला. आवाज नेहमीसारखा बारीक झालाच. अंगणातला खुंटा मात्र तिनं उपटला नाही.